चित्रावहिनींनी सोडलेला शब्द

चातुर्मासात काहीतरी सोडायचं, हा चित्रावहिनींचा लग्नाआधीपासूनचा नेम. एका वर्षी त्यांनी वांगं सोडलं, एका वर्षी गादी, एका वर्षी विडा. मागच्या वर्षी पुन्हा वांगं सोडलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. अच्युतराव दरवर्षी आषाढी जवळ आली की म्हणत, "या वर्षी कारलं सोड, माझं पण भलं होईन." चित्रावहिनी ते कानाआड करत. नेमाच्या बाबतीत त्या नवऱ्याचा सल्ला घेत नसत आणि कारलं त्यांना आवडत असे.

या वर्षी मात्र घोळ झाला. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मारुतीच्या देवळात देवश्रीबाईंचं प्रवचन होतं. बाई बारीक आवाजात बोलत, त्यामुळे सगळ्या बायका पुढे सरकून बसत.

"कोणी वांगं सोडलं आहे?" बाईंनी विचारलं. बरेच हात वर झाले, चित्रावहिनींचाही.

"वांगं आवडतं का तुम्हाला?" बाईंनी नेमकं त्यांनाच विचारलं.

चित्रावहिनींना देवळात खोटं बोलता येईना. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही वांगं सोडलं की वांग्याने तुम्हाला?" बाया हसल्या. "जिभेला जे आपोआप लागतं ना, हात न लावता, ते सोडा. आणि सांगू नका कोणाला. सांगितलेला नेम अर्धाच राहतो."

चित्रावहिनी घरी आल्या त्या जिभेवर लक्ष ठेवूनच. संध्याकाळी त्यांनी दह्याला विरजण लावलं आणि म्हणाल्या, "चला, सकाळपर्यंत सेट होते." मग देवघरातलं घड्याळ मागे पडत होतं, ते सेट केलं. नीलचा, म्हणजे मुलाचा, पुण्याहून फोन आला. तब्येत कशी आहे, त्याने विचारलं. "सेट आहे," त्या म्हणाल्या. नीलला घर मिळालं का, असं अच्युतरावांनी विचारलं, तर तेही सेट झालं होतं. शेजारच्या पोट्टीचं त्या बँकवाल्याशी काय चालू आहे, असं अच्युतरावांनी पेपरमधून डोकं न काढता विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "सेट आहे वाटते." आणि मग त्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. कांदा-लसूण तर त्या तशाही खात नव्हत्या. आता कळलं होतं काय सोडायचं ते.

आषाढीला पहाटे त्यांनी तुळशीसमोर पळीभर पाणी सोडलं, मनातल्या मनात शब्द उच्चारला आणि देवाला म्हणाल्या, कार्तिकीपर्यंत हा तुझ्याजवळ ठेव.

पहिले काही दिवस तोंडावर हात ठेवायची वेळ आली. शब्द निघायचा, ओठापर्यंत यायचा, आणि त्या ओठ मिटून घ्यायच्या. समोरच्याला वाटे, वहिनींची दाढ दुखते आहे. मग हळूहळू आईचे शब्द सापडू लागले. दही लागायचं. घड्याळ लावायचं. केस बसवायचे. सामान मांडायचं. लोणचं मुरायचं. लग्न जुळायचं, तारीख ठरायची. प्रत्येक गोष्टीचं आपलं आपलं नाव होतं आणि ती सगळी नावं माळ्यावरच्या पितळेच्या भांड्यांसारखी पडून होती. चित्रावहिनी एकेक काढून, घासून वापरत होत्या. कोणाच्या लक्षातही आलं नाही. अच्युतराव एकदा एवढंच म्हणाले, "आजकाल तू फार बोलून राहिली." त्या दिवशी त्या रोजच्याएवढंच बोलल्या होत्या.

अडचण आली ती कुसुममुळे.

कुसुम ही अच्युतरावांची धाकटी बहीण. राहायला समता कॉलनीत, एकुलती एक पोरगी स्वरदा. स्वरदा एका खासगी कॉलेजात शिकवत असे आणि तिशीला टेकली होती. तिच्यासाठी चित्रावहिनींनीच स्थळ काढलं होतं. भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत निरंजन नावाचा मुलगा, गाड्या पाठवायचं सगळं काम त्याच्या हाताखाली. त्याची आई चेतनाबाई हळदीकुंकवाला येत, तिथून ओळख. आता मुळात रायपूरच्या मराठी घरांमध्ये चित्रावहिनींच्या तोंडून "पोट्टा सेट आहे" एवढं निघालं की लोक पुढची चौकशी करत नसत. त्यांनी असं ज्यांच्या ज्यांच्याबद्दल म्हटलं होतं, त्यांचे संसार चालले होते. का चालले होते, हे कोणी विचारलं नव्हतं.

श्रावणातल्या एका मंगळवारी कुसुम आली आणि पाय धुवायच्या आतच म्हणाली, "वहिनी, बोला. निरंजन सेट आहे ना?"

चित्रावहिनींनी तोंड उघडलं. मिटलं.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या.

कुसुम खुर्चीच्या कडेवर बसली. "चांगला म्हणजे?"

"म्हणजे चांगला आहे. नोकरीवर आहे. घर आपलं आहे. आईले मानते."

"वहिनी, चांगले तर सगळेच असतात. शर्मा आंटीच्या जावयाले पण चांगला म्हणत होते, मग काय झालं माहीत आहे ना? मी विचारून राहिली, सेट आहे का? हव की नाही?"

"हव" म्हटलं तर त्या शब्दालाच हव म्हटल्यासारखं होणार होतं. असं चालतं का, हे चित्रावहिनींना ठाऊक नव्हतं आणि देवश्रीबाई जबलपूरला निघून गेल्या होत्या. त्यांनी शंकेचा फायदा नेमाला दिला.

"मार्गी लागलेला आहे," त्या म्हणाल्या.

कुसुमचा चेहरा पडला. "मार्गी? वहिनी, काही आहे का? दारू आहे?"

"नाही ग."

"आधीचं काही?"

"मले माहीत नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं खरं. चित्रावहिनींना मुलाबद्दल काही माहीत नाही, असं तात्यापाऱ्यात पहिल्यांदाच घडत होतं. चहा झाला. कुसुमने बिस्कीट बुडवलं आणि ते कपात पडलं, तरी तिने काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वरदाच आली, कॉलेजातून परस्पर. ती मराठी सगळं समजत असे आणि उत्तर हिंदीत देत असे, मामीशीही तसंच.

"मामी, मम्मी रात से रो रही है। आपने क्या बोल दिया?"

"मी काहीच नाही बोलली."

"वही तो।" स्वरदाने ओढणी काढून खुर्चीवर टाकली. "सच बताऊँ? मुझे भी कुछ समझ नहीं आ रहा। फोन पे बात की, यहाँ तालाब वाले मरीन ड्राइव पे कॉफी भी पी। बंदा एक ही शब्द बोलता है। कैसे हो? सेट। जॉब? सेट। शादी के बाद मैं नौकरी करूँ तो? सेट। इतना घमंड! जैसे मुझसे बात करने के पैसे लगते हों।"

"मग नाही म्हण."

"म्हणते तर," ती चुकून मराठीत म्हणाली आणि लगेच हिंदीवर गेली. "लेकिन बाकी अच्छा है, मामी। वेटर से कॉफी गिर गई ना उसके ऊपर, तो एक शब्द नहीं बोला। मतलब वो शब्द भी नहीं बोला। हँस दिया। बस वहीं अटकी हूँ। आप बोल दो। आप जो बोलोगी वही करूँगी, पक्का।"

ती गेल्यावर चित्रावहिनी देवघरात बसल्या. जप चालला होता आणि मन भलतीकडे होतं. आजवर त्या एका शब्दात पोरींची लग्नं जुळवत आल्या होत्या. त्या शब्दात नेमकं काय काय भरलेलं असायचं, हे आता बाहेर काढायला गेलं तर हाताला काही लागत नव्हतं. निरंजनबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं, जेवढं त्याच्या आईने सांगितलं होतं. आणि त्याच्या आईने सांगितलं होतं, की तो सेट आहे.

गुरुवारी त्यांनी दत्ताच्या प्रसादाचा डबा घेतला आणि ऑटो करून भनपुरीला गेल्या. अच्युतरावांना सांगितलं, "चेतनाबाईंच्या घरी प्रसाद द्यायचा आहे." चेतनाबाईंच्या मुलाला दिला तरी तो घरीच पोचणार होता, त्यामुळे हे खोटं धरता येत नव्हतं.

ऑफिससमोर ट्रकांची रांग होती आणि इतकी धूळ, की त्यांची पांढरी ओढणी दारापर्यंत पोचेतो चहाच्या रंगाची झाली. निरंजन काचेमागे बसला होता, फोन कानाला. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दाखवली आणि फोनवर म्हणाला, "सेट." दुसरा फोन आला. "हव. सेट." तिसरा. "सेट, सेट." शब्द कसा तुपासारखा ओघळत होता. चित्रावहिनी ऐकत राहिल्या. आपण काय सोडलं आहे, ते त्यांना बऱ्याच दिवसांनी स्वच्छ दिसलं.

मग एक ड्रायव्हर आत आला. "साहब, गाड़ी कहाँ लगाऊँ?"

निरंजनने तोंड उघडलं. काही आलं नाही. त्याच्या उजव्या हाताची बोटं टेबलावर टक्‌टक्‌ वाजली, मान किंचित वळली, आणि मग त्याने मोबाइलवर काहीतरी लिहून ड्रायव्हरला दाखवलं. ड्रायव्हर वाचून निघून गेला. त्याला याचं काही वाटलं नाही.

चित्रावहिनींना तो चेहरा ओळखीचा वाटला. आषाढीपासून आरशात तोच दिसत होता.

"काकू, च... चहा?"

"नको रे. माझा गुरुवार आहे." त्यांनी डबा पुढे केला. "निरंजन, मले सांग. स्वरदाच्या बाबतीत तुझ्या मनात काय आहे?"

"सेट आहे काकू," तो सरळ म्हणाला. "सगळं सेट."

"तो शब्द सोडून सांग."

निरंजन त्यांच्याकडे बघत राहिला. बाहेर एक ट्रक मागे घेताना त्याचं पिंपिं वाजत होतं, ते थांबलं. चित्रावहिनींनी पिशवीतली माळ चाचपली आणि हात तसाच आत ठेवला. थांबण्याचं त्यांना काही नव्हतं. अंगारकीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्या बाईला एका माणसाच्या वाक्याची वाट बघणं जड नसतं.

"तो सो... सोडला तर," तो शेवटी म्हणाला, "माझ्याजवळ काय रा... राहते काकू?"

मग हळूहळू निघालं. लहानपणापासून तो अडखळत होता. फोनवर जास्त, अनोळखी माणसापुढे जास्त, आणि जिच्यापुढे चांगलं बोलावंसं वाटतं तिच्यापुढे सगळ्यात जास्त. एकच शब्द असा होता, जो कधी अडकत नसे. आईने सांगून ठेवलं होतं, की लग्न होईपर्यंत तेवढाच बोल, मग कळेल तिले हळूहळू.

"कळल्यावर ती काय म्हणन?" चित्रावहिनींनी विचारलं.

"तेच तर."

"मग आधीच सांग."

"सांगतानाच तर अ... अडकतो ना काकू."

हे खरंच होतं. चित्रावहिनींनी डबा आणखी पुढे सरकवला. मग त्यांनी दार लागलेलं आहे ना, ते पाहिलं.

"मी पण सोडला आहे तो शब्द," त्या हळूच म्हणाल्या. "आषाढीपासून. कोणाले सांगितलं नाही. तू पण सांगू नको."

"काहून सोडला?"

"वांगं आधीच सोडून झालं होतं."

निरंजनने मान डोलावली. चांगल्या मुलाप्रमाणे त्याने पुढे काही विचारलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "कार्तिकीपर्यंत तू पण सोडून पाहा. दोघं असलो की सोपं जाते." नेम अर्धा राहिला की कसं, याचा विचार त्यांनी ऑटोत केला आणि असं ठरवलं, की जो तोच नेम धरतो त्याला सांगितलं तर ते सांगणं होत नाही. देवाने काही हरकत घेतली नाही.

रविवारी कुसुमच्या घरी सगळे जमले. चातुर्मासात पाहण्याचा कार्यक्रम करत नाहीत म्हणून त्याला चहा म्हणायचं ठरलं होतं. चहाला कांदा नसलेले पोहे होते, चिवडा होता, गोल बाजारातून आणलेले नवे कप होते, आणि कुसुमचे यजमान उदयराव इस्त्रीचा झब्बा घालून बसले होते. अच्युतरावही आले होते. चेतनाबाईंनी बसल्याबरोबर सुरुवात केली.

"आमचा निरंजन एकदम सेट आहे. घरी सेट, ऑफिसात सेट."

कुसुमने चित्रावहिनींकडे पाहिलं. चित्रावहिनी पोह्यांवर लिंबू पिळत होत्या.

"आंटी, उनको बोलने दीजिए ना," स्वरदा म्हणाली. आवाजात धार होती. "आप बताइए। शादी के बारे में आप क्या सोचते हैं? और प्लीज़, वो एक शब्द मत बोलिएगा।"

निरंजनने कप खाली ठेवला. "मले अ..." तो म्हणाला. "मले अ... अ..."

"अभनपुर?" अच्युतराव मदतीला धावले. "अभनपुरले शेती आहे म्हणते तुमची."

निरंजनने मान हलवली. नाही.

"अमेरिका?" उदयराव दचकून म्हणाले.

"घे रे, चिवडा घे," चेतनाबाईंनी त्याच्यापुढे बशी सरकवली. "सकाळपासून काही खाल्लं नाही, म्हणून असं होते."

"अहो," चित्रावहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज असा होता, की देवळातल्यासारखे सगळे पुढे झुकले. "त्याचं त्याले बोलू द्या ना."

पंखा फिरत होता. निरंजनची बोटं गुडघ्यावर टक्‌टक्‌ वाजत होती. उदयरावांनी घड्याळाकडे पाहिलं आणि लाजून झब्ब्याची बाही त्यावर ओढली. शब्द येत होता, मागे जात होता, पुन्हा येत होता, आणि सगळं घर त्याच्याकडे असं बघत होतं, जसं दिवाळीत पेटवलेल्या पण न उडालेल्या अनाराकडे बघतात.

"मले अडखळायला होते," निरंजन म्हणाला. "लहानपणापासून. फो... फोनवर जास्त. म्हणून मी एकच शब्द बोलतो. तुम्हाले घ... घमंडी वाटलो असन. मी नाही."

"हे आजच सांगायची काय गरज होती?" चेतनाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

कुसुम मात्र चित्रावहिनींकडे वळली. "वहिनी, तुम्हाले माहीत होतं?"

"हव."

"म्हणून! म्हणून तुम्ही सेट म्हणत नव्हत्या! केवढ्या दिवसांपासून! देवा, मी तुम्हाले काय काय बोलली मनात." तिने उठून चित्रावहिनींच्या पायाला हात लावला.

असं काही नव्हतं, हे सांगायचं तर नेम सांगावा लागला असता. न मिळवलेला मान चित्रावहिनींनी घेतला, आणि त्याबद्दल त्या दिवशी एक माळ जास्त ओढायचं मनात ठरवलं.

स्वरदा त्यांना ओढतच स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"मामी। अब बोलो। हाँ करूँ?"

चित्रावहिनींनी ओट्यावरचं सांडलेलं दूध पुसलं. आधीचे दिवस असते तर एका शब्दात काम झालं असतं, आणि हातातला कपडा खाली ठेवायचीही गरज पडली नसती.

"तो हळू बोलते," त्या म्हणाल्या. "तुले घाई असते. लहानपणापासून तू सगळ्यांचं बोलणं तोडते. त्याचं तोडशील, तर नाही म्हण, आजच म्हण. थांबता येत असन, तर पाहा. बाकी पोट्टा खरं बोलते, थोडा उशिरा बोलते. यापेक्षा जास्त मले माहीत नाही."

"इतना लंबा?" स्वरदा म्हणाली. "पहले तो आप एक शब्द में निपटा देती थीं।"

"हव."

स्वरदा दाराआडून बाहेर बघत होती. अच्युतराव निरंजनला काहीतरी विचारत होते आणि उत्तरही स्वतःच देत होते. "मामा को कोई रोको," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन निरंजनसमोर बसली. "हाँ, आप बोलिए। मैं सुन रही हूँ।" तिने हाताची घडी घातली होती, तोंड दाबून ठेवायला घालतात तशी. चहा दोनदा गरम करावा लागला.

होकार नवरात्रात आला.

कार्तिकीचा उपास सुटला आणि चित्रावहिनींच्या अंगणात तुळशीचं लग्न लागलं. ऊस बांधला होता, चिंचा-आवळे होते, दोन्ही घरची माणसं आली होती. मंगलाष्टकं झाल्यावर चित्रावहिनींनी ताम्हन आणि पळी पुढे घेतली आणि निरंजनला हाक मारली.

"सोडलेली वस्तू आधी दान करायची असते," त्या म्हणाल्या, "मग आपण घ्यायची. वांगं सोडलं तर वांगं देतात. मी शब्द सोडला होता. सेट."

चार महिन्यांनी तो त्यांच्या तोंडून आला, तो जरा परक्यासारखा वाटला.

"थांबा, थांबा," कुसुम म्हणाली. "म्हणजे तो नेम होता? तुम्ही निरंजनच्या अडखळण्यामुळे..."

"नाही. तेव्हा मले माहीतच नव्हतं."

कुसुम खाली बसली. "आणि मी सगळ्या पाऱ्यात सांगून आली, की वहिनींले आतून कळते."

"मी एक माळ जास्त ओढली त्याच्यासाठी," चित्रावहिनी म्हणाल्या. "घे रे, हात पुढे कर. हा तुझ्या फार कामाचा होता."

निरंजनने दोन्ही हातांची ओंजळ केली. चित्रावहिनींनी पळीभर पाणी सोडलं. "आता म्हण," त्या म्हणाल्या, "म्हणजे पोचलं."

"से..." निरंजन म्हणाला. "से... से..."

श्रावणापासून त्याने तो उच्चारला नव्हता, आणि आता तोही बाकीच्या शब्दांसारखा झाला होता. अच्युतरावांनी तोंड उघडलं. स्वरदाने त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. "मामा, थांब." तोंड मिटलं.

निरंजन स्वतःच हसायला लागला. "राहू द्या काकू," तो न अडखळता म्हणाला. "तुम्हीच ठेवा."

"दिलेलं दान परत घेत नाहीत."

मग प्रश्नच पडला. पाणी ओंजळीतून गळून तुळशीच्या वृंदावनाशी गेलं होतं. देणाऱ्याला नको, घेणाऱ्याला नको. कुसुमने आपल्याकडे भरपूर आहे असं सांगितलं. चेतनाबाई तर दुसरीकडेच बघत होत्या.

"द्या मग इकडे," अच्युतराव म्हणाले आणि चुरमुऱ्याच्या बशीतला हात झटकून पुढे केला. "मी घेतो. सेट."

चित्रावहिनींनी त्यांच्या हातावर पळीभर पाणी सोडलं आणि दही लागलं का ते बघायला आत गेल्या.